दोन बोटं काच

दौंडला जाऊन आलो, हे मी घरात अजून नीट सांगितलेलं नाही. कोणी विचारलं तर खुटबावला सुमनकडे गेलो होतो, एवढंच सांगतो. ते खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि अर्धं सांगून थांबायची माझी सवय जुनी आहे.

आमच्या तळेगाव ढमढेऱ्याहून दौंड म्हणजे सकाळी निघालं तर संध्याकाळी परत घरी, इतकंच लांब. तरी मी कित्येक वर्षं त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. तिथली लग्नं टाळली, मयती टाळल्या. सोलापूरकडे जायचं झालं तर काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या रस्त्यानं गेलो. कारण एकच. दौंडला रसूलभाई राहतात.

रसूलभाई माझ्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आमच्याच गावचे, पिढ्यान्‌पिढ्या तळेगावात राहिलेलं घर. माझ्याहून थोडे मोठे. तळेगावात आजही जुन्या गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, "तो रसूल, आप्पांची गाडी पिऊन पलटी केलेला." मी समोर असलो तर बोलणारा ओशाळतो, मला वाईट वाटेल म्हणून. ते पिऊन गाडी चालवत नव्हते. ते पीतच नव्हते. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे, आणि हेच मी कधी कोणाला सांगितलं नाही.

या हिवाळ्यात सुमनचा फोन आला. सुमन माझी मावसबहीण, खुटबावला दिलेली. डोळे तपासायला दौंडला गेली होती, तिथं रसूलभाई भेटले. म्हणाली, "आप्पा, तुझं लई नाव काढत व्हते. म्हनले, आप्पांस्नी एकदा मला भेटायला सांगा. लवकर सांगा म्हनले."

कशाला, ते तिलाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना कळलं. इतक्या वर्षांनी कुठून तरी कळलं.

शिरूर

दौंडला जायचं म्हणून घरातून निघालो आणि शिरूरच्या एसटीत बसलो. शिरूर उलट्या बाजूला आहे. स्वतःला सांगितलं की चौफुल्याकडे जाणाऱ्या जीपगाड्या तिथून बऱ्या मिळतात. खरं म्हणजे पाय तिकडे वळत नव्हते, आणि शिरूरच्या एका जुन्या मिस्त्रींना भेटायचं राहिलं होतं, असंही मनात होतं.

थंडी चांगलीच होती. कंडक्टरनं कानाला मफलर गुंडाळलेला, त्यामुळे प्रत्येक उतारूला गावाचं नाव दोनदा सांगावं लागत होतं. वाटेतल्या एका पुलावर खिडकीतून धुकं आत आलं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईनं खिडकी ओढून बंद केली. खिडकीची काच बंद करताना कोणी दिसलं की माझं लक्ष तिकडेच जातं.

शिरूरला किसन मिस्त्री भेटले. एके काळी ट्रकच्या केबिनी बांधण्यात त्यांचा हात धरणारा या भागात कोणी नव्हता. आता त्या जागेवर नातवाचं फरशीचं दुकान आहे आणि मिस्त्री दारात खुर्ची टाकून उन्हाला बसतात. मला त्यांनी चेहऱ्यावरून नाही ओळखलं, गाडीवरून ओळखलं.

"म्हंजी ते तळेगावचे आप्पा का? निळी केबिन?" म्हणाले. "तशी केबिन मी पुन्यांदा बांधली न्हाई बघा. आतून सगळं जाड लोकरी नमद्याचं अस्तर, काचांना दुहेरी रबर. मुंगी शिरली असती तर मिशा उतरवल्या असत्या."

मिस्त्रींच्या मिशा अजून शाबूत होत्या. मी हसलो. त्यांनी चहा मागवला. बशीत ओतून घेतला आणि विचारलं, ती केबिन किती वर्षं टिकली. मी म्हणालो, चांगली टिकली. ती केबिन पहिल्याच हिवाळ्यात आडवी झाली, हे त्यांना आठवत नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही.

केबिनीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या ट्रकची जुनी केबिन लाकडी होती. फळ्यांत फटी, दारं खिळखिळी. थंडीत आम्ही खुटबावच्या गुऱ्हाळावरून गुळाच्या ढेपी भरायचो, तेही उजाडायच्या आधी, कारण बाजार सकाळचा. त्या वेळी केबिनीत बसणं म्हणजे उघड्या माळावर बसण्यासारखं. रसूलभाईंची बोटं आखडायची, स्टेअरिंग हाताला चावायचं, काचेवर दव साचून समोरचं दिसायचं नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. बाभळीचे निखारे घमेल्यात घ्यायचे, वर राखेचा पातळ थर द्यायचा आणि गाडी भरून होईपर्यंत ते घमेलं केबिनीत ठेवायचं. निघायच्या वेळी घमेलं खाली काढलं की सीट उबदार, काच स्वच्छ. बाभळीच्या निखाऱ्याला धूर नसतो. धूर नाही म्हणजे त्रास नाही, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. जुन्या केबिनीत कोणाला कधी काही झालंही नाही. फटींतून वारं ये-जा करत होतं, पण ते वारंच आम्हाला राखत होतं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मग मी नवी केबिन बांधली. रसूलभाईंना थंडी लागते म्हणूनच बांधली, असं मी गावभर सांगत होतो. ते खरंही होतं.

न्हावऱ्याहून पुढे

शिरूरहून जीपमध्ये पुढची जागा मिळाली. न्हावऱ्यापर्यंत माळ आणि मधूनमधून कांद्याचे हिरवे वाफे, न्हावरं सोडलं की ऊस सुरू होतो आणि मग ऊस संपतच नाही. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या इतक्या की मागून येणाऱ्याला आकाश दिसू नये. जीपचा ड्रायव्हर प्रत्येक ट्रॉलीला ओलांडताना ट्रॅक्टरवाल्याच्या वडिलांची चौकशी करत होता, ती कोणत्या शब्दांत ते लिहीत नाही. मागं बसलेली एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाबा, एवढं बोलतोस, पर हॉर्न वाजीव की." तेव्हा कळलं की हॉर्न बंद आहे.

पारगावच्या पुलावर भीमा लागते. पाणी दिसतच नव्हतं, सगळी जलपर्णी. दुरून बघितलं तर वाटावं की नदीतही कोणी भाजी लावली आहे. पलीकडे गेलं की दौंड तालुका. माणसं तीच, बोली तीच, पण चहा बदलतो. आमच्याकडे पाहुण्याला साखरेचा चहा देतात आणि गुळाचा चहा दिला तर घरातली बाई आधी कारण सांगते. इकडे गुळाचा चहा अभिमानानं देतात आणि वर विचारतात, "साखरंचा पायजे का?" तो प्रश्न अशा सुरात येतो की आजारी माणसानंही नको म्हणावं.

चौफुल्याला उतरून रिक्षानं खुटबावला पोचलो. दौंड तिथून अगदी जवळ, गाडीनं पुढची काही स्टेशनं. त्याच दिवशी जाता आलं असतं. सुमन राहा म्हणाली, आणि मी लगेच राहिलो.

खुटबाव

सुमनच्या नवऱ्याचं गुऱ्हाळ अजून चालू आहे. तो गेल्यावर तिनं ते चालवायला दिलं. आता तिथं सगळी माणसं उत्तर प्रदेशातली. काहिलीत उकळणाऱ्या रसावरचा फेस काढणारा, ढेप पाडणारा, चुलाण्यात उसाचं वाळलं चिपाड सारणारा, सगळे हिंदीत बोलतात आणि मधूनच "लई गरम हाय" म्हणतात. सुमन त्यांच्याशी मराठीतच बोलते. ते हिंदीत उत्तर देतात आणि काम होतं.

सकाळी उठून गुऱ्हाळाकडे गेलो. उसावर धुकं बसलेलं, काहिलीची वाफ त्या धुक्यात मिसळत होती, गोड वास सगळीकडे. आणि वाफेपलीकडे एक ट्रक उभा. ढेपी भरणं चालू होतं, आणि केबिनीत, क्लचच्या बाजूला, पत्र्याच्या डब्यात निखारे. काचा बंद. ड्रायव्हर आत डोक्यावरून शाल घेऊन बसलेला.

मी कधी दार उघडलं ते मला कळलं नाही. त्याचा हात धरून ओढलं म्हणे मी. तो बिचारा घाबरून खाली आला. तिशीतला असेल. मोडक्यातोडक्या हिंदीत मी त्याला सांगितलं, निखारे ठेवायचे तर काच उघडी ठेव, आणि निखारे आत असताना तू आत बसू नकोस. नुसतं इंजिन तापू दे, त्यानं ऊब येईल. तो हसत म्हणाला, धुआँ तो है ही नहीं, चाचा. मी म्हणालो, त्याला धूर नसतो, म्हणूनच. मग त्यानं विचारलं, तुमच्यासोबत असं कधी झालं होतं का?

मी म्हणालो, एका ओळखीच्या माणसाच्या बाबतीत झालं होतं.

त्यानं माझं ऐकलं. काच पूर्ण खाली केली, डबा बाहेर काढला, आणि थंडीत हात काखेत घालून उभा राहिला. त्या रसूलभाईंच्या सकाळनंतर माझ्याकडे जे जे ड्रायव्हर आले, त्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो. सगळ्यांना सांगितलं. फक्त एका माणसाला नाही.

ती सकाळ अशीच होती, हेच गुऱ्हाळ. नव्या केबिनीची पहिली थंडी. सुमननं घमेलं भरून दिलं, मी ते केबिनीत ठेवलं. भरणीला वेळ होता, म्हणून रसूलभाईंना म्हणालो, आत बसा, ऊब घ्या. ते चढले आणि सवयीनं त्यांच्या बाजूची काच दोन बोटं खाली केली. त्यांना तंबाखूची सवय. काच तेवढी उघडी ठेवून तिथून बाहेर थुंकायचे, इतके सराईत की दारावर थेंब पडत नसे.

मी म्हणालो, "एवढी केबिन बांधली ती वारं खायला व्हय?"

ते हसले. म्हणाले, "आप्पा, दोन बोटं तेवढी राहू द्या. तंबाखू कुठं थुकू?"

"आज गिळा," म्हणालो, आणि हात आत घालून हँडल फिरवून काच मी वर केली. दुहेरी रबरात ती कशी चपखल बसली, ते बघून मला बरं वाटलं. दार लावलं. जाताना बोटानं काचेवर टकटक केली आणि ते आतून हसले. पुढे घोंगडी ओढून बसले.

भरणी झाल्यावर मी दार उघडलं तर ते झोपलेले. हलवून उठवलं. उतरले आणि ट्रकला धरून उभे राहिले. "डोकं लई जड झालंया," म्हणाले, "वाईच बसतो." बाजार चुकेल म्हणून मी म्हणालो, "गार वारं लागलं की उतरंल. निघा." घमेलं काढलं. ते निघाले.

कालव्याच्या वळणावर गाडी गेलीच नाही, सरळ उसात उतरली आणि आडवी झाली. मी मागून मोटरसायकलवर होतो. पोचलो तेव्हा माणसं जमली होती. रसूलभाईंचा पाय दाराखाली, त्यांना उलट्या होत होत्या, जीभ जड, डोळे लागत होते. केबिनीभर आंबूस वास. मुलांसाठी आदल्या दिवशी त्यांनी उसाच्या रसाचा कॅन घेतला होता, तो फुटला होता. रस रात्रभर राहिला की आंबतो आणि त्याचा वास थेट दारूचा येतो. गुऱ्हाळाच्या गावात हे पोरासोरांना ठाऊक असतं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तरी एकानं मला विचारलं, "आप्पा, घेतल्याली दिसतीया?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी नवी केबिन उसात आडवी पडली होती. मी म्हणालो, "आता काय बोलायचं."

एवढंच. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. पण आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. दुपारपर्यंत ते तळेगावात पोचलं.

तेव्हा मला खरं कारण कळलं नव्हतं, असं म्हणायची एक पळवाट आहे. ती मी पुष्कळ वर्षं वापरली. पण गाडी दुरुस्त होऊन आली त्यानंतर एका सकाळी मी स्वतः घमेलं घेऊन केबिनीत बसलो, काचा वर करून. मला खात्री करायची होती. थोड्याच वेळात कपाळावर कोणीतरी दगड ठेवल्यासारखं झालं. दार कसंबसं उघडून खाली उतरलो आणि चाकाशी बसून ओकलो. म्हणजे मला कळलं, धूर नसला तरी निखाऱ्यांचा विषारी वायू बंद केबिनीत कोंडून राहतो. रसूलभाई तेव्हा दवाखान्यातच होते. तळेगावातून त्यांच्यापर्यंत जायला अडचण काहीच नव्हती. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता ते घरी आले, आणि त्यांच्या पाठोपाठ दारुड्या हे नावही आलं. त्यांच्या समाजातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना समोर बसवून विचारलं. सासऱ्यानं बायकोला काही दिवस माहेरी नेलं. पाय बरा झाला तोही आखूड होऊन, आणि कोणी त्यांच्या हातात गाडी दिली नाही. मीही दिली नाही. मग ते दौंडला मेहुण्याकडे गेले आणि तिथं पंक्चरचं दुकान टाकलं.

गुऱ्हाळावरून परतलो तेव्हा सुमन चुलीपुढे होती. बाजरीची भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पोराला गाडीतनं ओढून काढलंस म्हनं."

मी चुलीशी पाट ओढून बसलो.

"त्या दिवशीचं घमेलं मी भरलं व्हतं," ती म्हणाली. "लई वरीस माझ्या मनात येतंया आप्पा, माझ्या इस्तवानं तर झालं नसंल?"

म्हणजे हीदेखील इतकी वर्षं हे उरावर घेऊन बसली होती. मी म्हणालो, "न्हाई गं. तुझा काय दोष त्यात."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि आता माझ्याकडे बघितलं. "मग कुनाचा?"

मी म्हणालो, "चहा टाक."

तिनं चहा टाकला. गुळाचा.

दौंड

सुमननं रसूलभाईंसाठी ताज्या गुळाची छोटी ढेप फडक्यात बांधून दिली. ती पिशवीत घालून खुटबाव स्टेशनवर दौंडची गाडी पकडली. माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. थोड्या वेळानं बाई मांडी खाजवायला लागली, मग नवरा उठून उभा राहिला. माझ्या पिशवीपासून बाकावर मुंग्यांची रांग लागली होती. सुमनच्या अंगणातूनच आल्या असणार. नवरा म्हणाला, "आबा, काय घेऊन चाललाय?" मी म्हणालो, गूळ. तो म्हणाला, "तुम्ही न्हाई, ह्याच तुम्हांला घेऊन चालल्यात." डबाभर हसणं झालं. मला किसन मिस्त्रींच्या मिशा आठवल्या. मी उभा राहिलो, पिशवी दाराशी नेऊन झटकली आणि दौंड येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

दौंड रेल्वेचं गाव. स्टेशनच्या बाहेर पडलं की सगळीकडे कुठून तरी येणारी किंवा कुठं तरी जाणारी माणसं, आणि चहाच्या टपऱ्यांवर मराठी, हिंदी, मध्येच तेलुगू. आमच्या तळेगावात परका माणूस आला तर बाजारात कळतं. इथं माझ्यासारखा माणूस हरवून जाऊ शकतो, आणि मला वाटलं हेच बरं. पण पहिल्याच रिक्षावाल्याला "पंक्चरवाले रसूलभाई" म्हटलं आणि त्यानं थेट दारात नेऊन सोडलं.

दुकान आता त्यांचा मुलगा बघतो. मागं दोन खोल्या. मुलगा टायरमध्ये गुंतला होता, त्यानं आत हात केला. सून शमीम दारात आली, डोक्यावरून पदर सारखा करत म्हणाली, "तळेगावचे आप्पा ना? सुमनताईंनी तुम्ही येनार म्हनून कळवलं, दोन दिस झालं अब्बा दाराकडंच बघतायत."

रसूलभाई पलंगावर बसले होते. दाढी पूर्ण पांढरी. पाय आखूड आहे हे बसलेल्या माणसात दिसत नाही, ते उठू लागले तेव्हा दिसलं. मी बसा बसा म्हणेपर्यंत त्यांनी उठून माझे दोन्ही हात धरले. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी मला डाव्या बाजूला बसवलं. पलंगाशेजारी खिडकी, सरकत्या काचेची. काच दोन बोटं उघडी होती. तिथून गार वारं येत होतं. तंबाखू सुटून पुष्कळ वर्षं झाली, ते म्हणाले, पण काच पूर्ण लावली की अजून जीव घुसमटतो.

मी गूळ दिला. तो हुंगून त्यांनी डोळे मिटले. "खुटबावचा," म्हणाले. शमीम तो आत घेऊन गेली. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं. तळेगावातला कोण राहिला, कोण गेला. बाजारातलं चिंचेचं झाड आहे का. मी सगळी उत्तरं दिली आणि मनात एकच होतं, आता विचारतील. आता म्हणतील, आप्पा, त्या दिवशी तुम्ही असं का केलंत?

शमीमनं मलिदा करून आणला. चपातीचा चुरा, आमच्या घरी करतात तसाच, फक्त तूप सढळ, आणि गूळ त्याच ढेपीतला. पहिला घास घेतल्यावर रसूलभाईंनी ताटली बाजूला ठेवली.

"आप्पा, तुम्हांला बोलावलं त्याला कारन हाय," म्हणाले. "पोरगा मला मक्केला नेतोय, उमऱ्याला. जायच्या आधी आमच्यात सगळ्यांची माफी मागून जायचं असतंय. ज्याचं आपण वाईट केलं त्याची तर मागावीच लागती. न्हाईतर गेल्याला अर्थ न्हाई. सगळ्यांची मागून झाली. तुमचीच राहिलीया."

मला आधी कळलंच नाही.

"लोक म्हनले रसूल प्याला," ते सांगत होते. "अल्ला जाणतो, थेंब न्हाई. पर मी इचार करून करून दमलो आप्पा. मग काय झालं असंल? झोपलोच असनार. नवी केबिन, ऊब लागली, डोळा लागला. तुम्ही माझ्यासाठी हौसेनं बांधली, आन् मी पाडली. आन् तुम्ही एका शब्दानं मला बोलला न्हाई कदी. त्याचंच जास्त लागायचं. चार शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो." त्यांनी हात जोडले. "बोललं-चाललं, केलं-सवरलं, सगळं माफ करा."

शमीम दारात उभी होती. मी गप्प आहे हे बघून तिला वाटलं असावं की मला रीत माहीत नाही. ती हळू म्हणाली, "आप्पा, तुम्ही म्हना, माफ केलं. म्हंजी त्यांच्या जिवाला बरं वाटंल."

ते हात जोडून बसले होते. माझ्या तोंडात मलिदा तसाच होता.

मी म्हणालो, "माफ केलं."

माझ्या तोंडून आजवर जे काही निघालं त्यात यापेक्षा वाईट शब्द नाहीत. कालव्यावर बोललो तेही नाहीत. रसूलभाईंनी हात खाली केले, मोठा श्वास सोडला, आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला बघवेना. शमीम पाणी आणायला आत गेली. मला वाटलं, आता. ती यायच्या आत. मी खिडकीकडे बघत म्हणालो, "काच मी लावली होती."

आवाज फुटला नाही, किंवा फुटला तो खिडकीकडेच गेला, त्यांच्या कानापर्यंत नाही.

"काय म्हनला?"

"काच," मी म्हणालो.

"लावू? गार लागतंय व्हय तुम्हांला." आणि ते उठले. एक हात गुडघ्यावर, एक हात भिंतीला, त्या आखूड पायावर दोन पावलं टाकत खिडकीपाशी गेले. मी बसून राहिलो. त्यांनी स्वतःची ती दोन बोटांची फट माझ्यासाठी सरकवून बंद केली. वळून हसले. अगदी तसेच, जसे त्या सकाळी आतून हसले होते.

"आता न्हाई लागनार," म्हणाले.

मी उठलो, काच पुन्हा उघडली, जितकी जाईल तितकी. ते म्हणत होते, अहो राहू द्या, मला चालतंय. मी म्हणालो, नको, वारं बरं असतं. शमीम पाणी घेऊन आली आणि तिनं विचारलं की गाडी किती वाजताची आहे.

स्टेशनवर सोडायला मुलगा आला. वाटेत म्हणाला, अब्बा आज लई दिसांनी दोन घास जास्त जेवले. मी बरं म्हणालो. गाडीत खिडकीची जागा मिळाली. शेजाऱ्यानं काच लावू का विचारलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं नको म्हणालो की तो उठून दुसरीकडे बसला.

रसूलभाई आता प्रवासाला गेले आहेत. मी दिलेली माफी सोबत घेऊन गेले आहेत. ज्या गोष्टीची ती माफी आहे, ती त्यांनी केलेलीच नाही, हे त्यांना न सांगता मी त्यांना जाऊ दिलं. तळेगावच्या, खुटबावच्या, दौंडच्या ज्या कोणाच्या हातात हे लिखाण पडेल, त्यांनी निदान एवढं ध्यानात ठेवावं की रसूलभाई प्यालेले नव्हते, आणि गाडी चालवताना ते झोपलेही नव्हते. सुमनच्या निखाऱ्याचाही दोष नव्हता. आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसून, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, मला जे म्हणायचं होतं ते हे:

रसूलभाई, तुम्ही काच उघडी ठेवली होती. मी ती वर केली. लोकांनी विचारलं तेव्हा तुम्ही प्यालेले नाही हे मला माहीत असून मी बोललो नाही. माफी तुम्ही नाही, मी मागायची आहे. मला माफ करा.